कॅन्ससची खडकाळ वाट : एका जुन्या क्विल्टच्या प्रकल्प नोंदी

13 जानेवारी 2024, हंट्सव्हिल, अलाबामा

आज लाइमस्टोन काउंटीतल्या एका जुन्या घराच्या सामानविक्रीत क्विल्टचा, म्हणजे इकडच्या गोधडीचा, वरचा थर मिळाला. फक्त वरचा. मधला कापूस नाही, मागचं कापड नाही, गोट नाही. उशीच्या अभ्र्यात घडी करून ठेवलेला होता आणि अभ्र्याला चिठ्ठी टाचली होती : ‘स्पायडर वेब, 1930’.

घरी आल्यावर स्वच्छ चादरीवर पसरला. मापं : रुंदी 70 इंच, लांबी 84 इंच. आडवे 5, उभे 6, असे 30 चौकोन, प्रत्येक साधारण 14 इंचांचा. चौकोनात चार टोकांचा एक तारा. ताऱ्याचं प्रत्येक टोक चिंधीपट्ट्यांचं, मधल्या मोकळ्या जागा साध्या पांढरट कापडाच्या. पट्ट्या अर्ध्या इंचापासून दीड इंचापर्यंत, एकीची रुंदी दुसरीशी जुळत नाही. काही तर एका बाजूला निमुळत्या होत गेल्यात.

यांना इकडे ‘स्ट्रिंग’ म्हणतात. ‘स्ट्रिप’ म्हणजे मापून कापलेली सारख्या रुंदीची पट्टी. ‘स्ट्रिंग’ म्हणजे कपडा बेतल्यावर कडेला जे उरतं ते. आपल्याकडे शिंप्याच्या पायाशी पडलेलं कातरण असतं, तेच. दुसऱ्या कशालाच पुरणार नाही इतकं अरुंद. म्हणून ते कागदावर किंवा जुन्या कापडावर ठेवून शिवत जायचं : पहिली पट्टी सुलट, तिच्यावर दुसरी उलट, एका कडेने टीप, मग दुसरी उलगडून दाबायची, तिच्यावर तिसरी. आकार भरला की कागदाच्या कडेने जादा कापड छाटायचं. पट्ट्या कितीही वेड्यावाकड्या असोत, कागद सरळ असल्यामुळे तुकडा सरळच निघतो. तिरक्या धाग्यावर कापलेलं कापडही कागदामुळे ताणलं जात नाही.

थर उलटा केला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. 11 चौकोनांच्या मागे कागद अजून शिल्लक आहे. वर्तमानपत्राचा.

14 जानेवारी

चिठ्ठीवरचं नाव चुकीचं आहे असं मला वाटतंय.

स्पायडर वेबमध्ये चौकोनाच्या मध्यावरचा तारा साध्या कापडाचा असतो आणि पट्ट्या त्याच्या दोन्ही अंगांना येतात. चार चौकोन एकत्र जोडले की पट्ट्यांचं आठ पाकळ्यांचं जाळं कोपऱ्याभोवती तयार होतं. शिवणारी बाई जाळं कधी शिवतच नाही, ते जोडणीत उमटतं. माझ्याकडच्या तुकड्यात नेमकं उलट आहे. तारा पट्ट्यांचा आणि भोवतालची जागा साधी. या मांडणीचं रूढ नाव ‘रॉकी रोड टू कॅन्सस’, म्हणजे कॅन्ससची खडकाळ वाट.

नोंदवहीत हे नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.

20 जानेवारी

कापडांची यादी करायला घेतली. 120 टोकं आहेत आणि एका टोकात सरासरी 9 पट्ट्या, म्हणजे हजारावर तुकडे. सगळे वेगळे नाहीत, एकाच फ्रॉकचं कापड सात चौकोनांत भेटतं. बारीक फुलं, चौकडी, शर्टाच्या रेघा, आणि तो फिक्कट पुदिन्यासारखा हिरवा, जो 1930च्या दशकातल्या क्विल्टमध्ये हमखास असतो. काळ्या छापाच्या चार पट्ट्या विरल्यात, बोट लावलं की भुगा होतो. जुन्या काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत लोहक्षार असत, ते सुताला आतून खातात. शेजारची गुलाबी पट्टी धडधाकट आणि काळी मात्र संपलेली, असं दिसतं ते त्यामुळे.

पांढरट कापड भिंगाखाली पाहिलं. दोन ठिकाणी कडेला ओळीने मोठी भोकं आहेत, सारख्या अंतरावर. पोत्याची शिवण उसवल्याची ही खूण. पीठ, साखर आणि कोंबड्यांचं खाद्य त्या काळी सुती पोत्यांत यायचं. पोत्याची साखळी-टाक्याची शिवण योग्य टोकाकडून ओढली की सरसर निघायची आणि दोराही वापरायला मिळायचा. 100 पौंडांच्या पोत्यातून साधारण वारभर कापड निघे. वरचे छापील शिक्के घालवायला बायका ते चरबीत किंवा केरोसीनमध्ये भिजवून ठेवत. एका त्रिकोणात निळसर अक्षराची सावली अजून राहिलीय, उजेडाकडे धरलं तरच दिसते. पुढे 1920च्या दशकाअखेरीस कंपन्यांनी फुलाफुलांची पोतीच काढली, कारण कुठलं पीठ घ्यायचं हे घरातली बाई कापड बघून ठरवू लागली होती. या क्विल्टमध्ये तशी छापील पोती असतीलही, पण भोकांची ओळ दिसल्याशिवाय मी तसं लिहिणार नाही.

3 फेब्रुवारी

कागद काढायचे की ठेवायचे यावर दोन आठवडे घालवले.

ठेवावेत असं मनापासून वाटत होतं. पण वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लाकूडलगद्याचा. तो स्वतः आम्लामुळे पिवळा पडतो आणि जवळच्या सुतालाही पिवळं करतो. कागद असलेल्या चौकोनांतल्या पोत्याच्या कापडावर तपकिरी झाक आलीय, बाकीच्यांवर नाही. शिवाय कागद आत ठेवून टाके घालता येणार नाहीत. निर्णय : आधी प्रत्येक कागदाचे जागेवरच फोटो, मग काढणे, मग क्रमांक घालून आम्लरहित कागदात सपाट ठेवणे. चौकोन 1 ते 30, टोकं क ख ग घ.

क्विल्ट पुरा करायचाच नाही, आहे तसा जपायचा, असं सांगणारेही भेटले. त्यांचं म्हणणं मला कळतं. दुर्मीळ नमुना असता तर मीही हात लावला नसता. पण हा पांघरण्यासाठी जोडलेला थर आहे, आणि शिवणी दरवेळी घडी घालताना उसवतायत.

10 फेब्रुवारी

पहिल्याच कागदाला चूक केली. 4-ख ओढला आणि दोन पट्ट्यांमधली शिवण दीड इंच सुटली. जुन्या यंत्राची टीप लांब टाक्यांची आहे, कागद फाटायच्या आधी दोराच सरकतो. आता पद्धत बदलली : शिवणीवर डाव्या अंगठ्याचं नख दाबून धरायचं, कागद सुईच्या भोकांच्या रेषेवर आधी मागे दुमडायचा, मग चिमट्याने शिवणीकडून बाहेर ओढायचा. अडकलेल्या कपट्यांना ओलसर कापूस लावायचा. तासाला दोनच टोकं होतात. एकूण 44 आहेत.

4-ख परत हाताने शिवला, जुन्याच भोकांतून.

18 फेब्रुवारी

कागद 9-क. कोपऱ्यात तारखेची पट्टी : जुलै 1934. खाली अर्धवट कापलेला मथळा, त्यात ‘मिल्स’ हा शब्द पूर्ण आणि पुढचा शब्द पट्टीखाली गेलेला.

मी राहते ते हंट्सव्हिल आज रॉकेटचं गाव म्हणून ओळखलं जातं. 1934 साली ते सूतगिरण्यांचं गाव होतं : डॅलस, लिंकन, मेरिमॅक. अलाबामातला गिरणी कामगारांचा संप जुलै 1934मध्ये इथूनच सुरू झाला. सप्टेंबरच्या आरंभी तो देशभर पसरला आणि तीन आठवड्यांत मोडला.

आईला लालबागला फोन केला. तिला आपला 1982चा संप आठवला. 18 जानेवारीला बाबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, पाळी सुटली ती कायमचीच. ती म्हणाली, “आपल्याकडे चौतीस सालीपण संप झाला होता. माझे आजोबा सांगायचे.” बरोबर आहे, एप्रिल 1934मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दोन्हीकडच्या संपांतली माणसं गिरणीच्या वासात वाढलेली. ही पट्टी शिवणारी बाई गिरणीतली होती असं मी म्हणत नाही. तिने रद्दी वापरली, एवढंच खरं.

2 मार्च

कागद 22-घ. तारीख : 1937. त्यामुळे चिठ्ठीवरचं ‘1930’ हेही गेलं. क्विल्टचं वय सर्वांत नव्या कागदावरून धरायचं असतं, जुन्यावरून नाही. 1937च्या आधी हा चौकोन शिवणं शक्यच नव्हतं. नंतर कितीही उशिरा शिवला असेल.

इतर कागदांत बियाण्यांच्या यादीचं पान, कोणाच्या तरी हिशेबाचं शाईचं पान, आणि टपालाने वस्तू मागवायच्या कॅटलॉगमधलं बुटांचं पान आहे.

9 मार्च

आई आली, पाच महिन्यांसाठी. बॅगेत लोणच्याच्या तीन बरण्या, मराठी वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या. थर पाहून ती आधी हसली, मग चष्मा लावला आणि बराच वेळ उलटी बाजू पाहत राहिली. कुठल्याही शिवणकामाची ती उलटी बाजूच आधी बघते.

“वाकळ दिसतेय. पण धावदोरा कुठाय?”

सांगितलं की अजून घालायचाय.

“मग मला थांबायचं कारण मिळालं.”

16 मार्च

आईला पद्धत दाखवायची होती म्हणून बरणीचा कागद सोडवला, इस्त्री केली, पुठ्ठ्याच्या बेतावरून ताऱ्याचं टोक कापलं. तिच्या ब्लाउजांचं कातरण ती बरोबर घेऊनच आली होती, कशासाठी हे तिलाही सांगता येईना. यंत्राचा टाका लहान केला, दीड मिलिमीटर, म्हणजे कागद भोकांवर सहज फाटतो. तासाभरात तिने चार टोकं केली. चौथ्यात खणाची पट्टी आडवी घातली ती इतकी नेमकी बसली की मी फोटो काढला.

हा चौकोन आमचा स्वतंत्र राहील. तिने एक गोष्ट विचारली ती मात्र अवघड होती. आजीचं नऊवार ती मागच्या अस्तरासाठी घेऊन आलीय. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, गोधडीला याहून चांगलं कापड नाही. 84 इंचांच्या दोन लांब्या त्यातून सहज निघतात. मी नाही म्हणाले. अलाबामातल्या एका बाईच्या थरामागे लालबागचं नऊवार लावलं तर पन्नास वर्षांनी ते उलगडणाऱ्याला चुकीची गोष्ट कळेल. आईला वाईट वाटलं. संध्याकाळी ती म्हणाली, “बरोबर आहे तुझं. पण मग तिच्या मागे काय असायचं ते तरी नीट शोध.”

शोधलं. पोत्यांचं कापड जोडून केलेलं अस्तर किंवा कोरी जाडीभरडी मलमल (इकडे ‘मस्लिन’ म्हणजे आपली तलम मलमल नव्हे, साधं जाड सुती कापड). कोरी मलमल आणली.

6 एप्रिल

नावाचा शोध.

आधी वाटलं होतं की हे एका बैठकीचं काम आहे. ‘रॉकी रोड’ने सुरू होणारी नावं शोधली तर ‘रॉकी रोड टू डब्लिन’ आणि ‘रॉकी रोड टू कॅलिफोर्निया’ही सापडली. पण ती वेगळ्याच घराण्यातली, पाव वर्तुळांच्या ‘ड्रंकर्ड्स पाथ’ची. दारुड्याची वाट, तिचे चौकोन फिरवून लावले की वाटा बदलतात आणि नावंही. उलट ‘जेकब्ज लॅडर’ हा एकच नमुना ‘रोड टू कॅलिफोर्निया’, ‘वॅगन ट्रॅक्स’, ‘स्टेपिंग स्टोन्स’, ‘अंडरग्राउंड रेलरोड’ अशा नावांनी ओळखला जातो. जवळजवळ एकाच नावाचे दोन नमुने, एका नमुन्याची पाच नावं.

याचं कारण छपाईत आहे. सेंट लुइसच्या लेडीज आर्ट कंपनीने 1889पासून टपालाने नमुने विकायला सुरुवात केली. मागणीपत्रात लिहायला प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक आणि एक नाव लागतंच. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने 1928 ते 1961 या काळात हजारावर नमुने छापले. त्यातले बरेचसे खेड्यापाड्यांतल्या वाचक बायकांनी पाठवलेले, त्यांच्याकडच्या नावांसकट. शिकागो ट्रिब्यूनमध्ये 1933पासून ‘नॅन्सी कॅबट’ या टोपणनावाने सदर चाले. तिथे नमुन्यांना नवी नावं आणि जुन्या आठवणी दोन्ही मिळत. पुढे क्विल्टच्या इतिहासकार बार्बरा ब्रॅकमन यांनी छापील साधनं चाळून चार हजारांवर जोडनमुन्यांना आकारावरून क्रमांक दिले, म्हणून आज निदान एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळतं.

नावाला चिकटलेल्या गोष्टींबाबत मी आता सावध झालेय. कॅन्ससची वाट खरोखरच खडतर होती. 1854च्या कायद्यानंतर गुलामगिरी हवी की नको यावरून तिथे रक्तपात झाला, 1879 साली दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं जमिनीच्या आशेने तिकडे निघाली. नाव ऐकलं की हे सगळं मनात येतं, आणि यावंच. पण नमुना त्यासाठी जन्मला असं लिहायला पुरावा लागतो. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुप्त वाटांनी पळणाऱ्या गुलामांना क्विल्टचे नमुने खुणा म्हणून दाखवले जात, ही कथा फार लोकप्रिय आहे, आणि क्विल्टचे बहुतेक इतिहासकार ती पुराव्याअभावी नाकारतात. पळून गेलेल्या माणसांचं धैर्य इतकं मोठं आहे की त्यांना आपण रचलेल्या कथेची गरज नाही.

7 एप्रिल

आईला विचारलं, आपल्या गोधडीच्या नमुन्यांना नावं कोणती. ती विचारात पडली. “नमुन्याला कुठली? लहान बाळाचं ते दुपटं. जाडजूड ती वाकळ. कोणाच्या लुगड्याची, ते सांगायचो. ही काकूच्या हिरव्या लुगड्याची, ती थोरल्या वहिनीची.” म्हणजे आमच्याकडे नाव कापडावरून, आणि कापड माणसावरून.

27 एप्रिल, गीज बेंड

पहाटे निघालो, क्विल्ट करणाऱ्या बायकांचं गाव बघायला. अलाबामा नदीच्या वळणात, विल्कॉक्स काउंटीत हे गाव, कागदोपत्री बॉयकिन. कॅमडेनच्या बाजूने फेरीबोटीत बसलो. 1962 साली इथले कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीसाठी कॅमडेनला जाऊ लागले तेव्हा ही फेरी बंद करण्यात आली आणि ती 2006मध्ये परत सुरू झाली. 44 वर्षं समोर दिसणाऱ्या गावाला जायला सुमारे 40 मैलांचा वळसा. आता बोट विजेवर चालते, आवाज जवळजवळ नाहीच. आई कठड्याला धरून पाण्याकडे पाहत होती.

1816मध्ये जोसेफ गी यांनी इथे मळा वसवला, पुढे तो पेटवे कुटुंबाकडे गेला. त्या मळ्यावर गुलाम असलेल्यांचे वंशज आजही इथे राहतात आणि बऱ्याच जणांचं आडनाव पेटवे. 1937 साली आर्थर रॉथस्टीन यांनी काढलेल्या इथल्या फोटोंत लाकडी घरांच्या भिंतींना आतून वर्तमानपत्रं डकवलेली दिसतात, वारा अडवायला. माझ्या 22-घ वरचं सालही 1937. रद्दी भिंतीला आणि रद्दी पांघरुणाखाली, एकाच काळात.

1966 साली इथल्या आणि आसपासच्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. 1972मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं, तेव्हा उरलेलं कॉर्डरॉयचं कातरण घरोघर गेलं आणि त्यातून क्विल्ट झाले. 2002मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, 2006मध्ये टपाल तिकिटं निघाली.

इथली नावं छापील वाटत नाहीत. चौकोनात चौकोन, तो ‘हाउसटॉप’, घराचं छप्पर. तोच ‘पिग इन अ पेन’, कोंडवाड्यातलं डुक्कर. सरळ उभ्या पट्ट्यांचा तो ‘लेझी गॅल’, आळशी पोर. शेतात झिजलेल्या विजारींचा तो ‘ब्रिचेस क्विल्ट’. आणि ज्याला कुठलंच नाव नाही तो ‘माय वे’.

टाके घालत बसलेल्या एका वयस्कर बाईंना मी माझ्या थराचा फोटो दाखवला आणि याला काय म्हणायचं विचारलं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. “स्ट्रिंग क्विल्ट,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग आईच्या हातांकडे बघून विचारलं, ही शिवते का. आईने पर्समधून आमच्या सरावाच्या चौकोनाचा तुकडा काढून दिला. दोघी उलटी बाजू बघत होत्या.

परतताना मनात सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, होती. उत्तर कन्नडमधले सिद्दी, ज्यांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणले. या बायका कडेपासून सुरू करून चिंध्या दुमडत दुमडत मध्याकडे येतात, आणि चार कोपऱ्यांवर घड्या घातलेली फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी मानत नाहीत. तिथे नाव नमुन्याला नाही, त्या कोपऱ्याला आहे : फूल.

11 मे

तीन थर जमिनीवर पसरून कच्चे टाके घातले. आईने तीन तास गुडघ्यावर बसून काम केलं, मला दोनच जमले. काळ्या विरलेल्या पट्ट्यांवर पारदर्शक रेशमी जाळी बसवली, त्या काढल्या नाहीत.

टाक्यांचा बेत : फॅन. कोपर क्विल्टवर टेकवायचं, हातात खडू, आणि कोपराभोवती हात फिरवून कमानी काढायच्या, एकीत एक. म्हणून याला ‘एल्बो’ही म्हणतात. चर्चमधल्या बायका एकत्र बसून असे टाके घालत, म्हणून कुठे ‘बॅप्टिस्ट फॅन’, कुठे ‘मेथडिस्ट फॅन’. माझ्या आणि आईच्या कमानी सारख्या नाहीत, तिचा हात आखूड. डावीकडून ती, उजवीकडून मी. मध्यावर जिथे भेटू तिथे फरक दिसेल, तो दिसू द्यायचा.

8 जून

12 चौकोन. आईचे इंचाला 6 टाके, माझे 5. अंगुस्तान तिला नको असतं. बोटाला भोकं पडलीत तरी ऐकत नाही.

13 जुलै

26 चौकोन.

27 जुलै

कमानी मध्यावर भेटल्या. 13 आणि 18 या चौकोनांत तिच्या पाच रेषांना माझ्या चार लागतात.

लेबलवर काय लिहायचं यावर रात्री बोललो. आईचं म्हणणं, शिवणारीचं नाव नाही तर कापडाचं लिही. मला ते पटलं. छापील नावही हवं, कारण पुढच्या कोणाला शोधायचं असेल तर त्याच नावाने सापडेल. पण ते पहिल्या ओळीत नको. प्रश्नचिन्ह काढून टाकलं.

3 ऑगस्ट

लेबल, मलमलीवर, न पुसणाऱ्या शाईने :

स्ट्रिंग क्विल्ट. फ्रॉकांचं, शर्टांचं आणि पोत्यांचं कापड. वरचा थर उत्तर अलाबामा, 1937 किंवा त्यानंतर, वर्तमानपत्रावर शिवलेला. नमुन्याचं छापील नाव रॉकी रोड टू कॅन्सस. 44 कागद वेगळे जपले आहेत. टाके दोघींचे, आई आणि मुलगी, हंट्सव्हिल, 2024.

गोट अजून 40 इंच राहिलाय. आईचं विमान सातला आहे. खालची कड ती आज रात्री धरते म्हणाली, बाजूची मी.